हाय-व्होल्टेज पॉवर सप्लाय हुकमात कसा आला?

प्रयोगशाळेत हजारो व्होल्ट निर्माण करणं ही जुनी विद्या आहे. 1895 मध्ये राँटगेननी क्ष-किरण शोधले तेव्हा नळीला वीज मिळत होती रुमकॉर्फच्या इंडक्शन कॉइलकडून. पण ती वीज झटक्याझटक्यानं यायची. 1932 मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी कपॅसिटर आणि रेक्टिफायर (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) यांची शिडी रचून सुमारे 7 लाख व्होल्टपर्यंत डीसी व्होल्टेज मिळवलं आणि प्रोटॉनच्या माऱ्यानं लिथियमचं केंद्रक फोडलं. 1951 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. शिडीची मूळ कल्पना स्विस भौतिकशास्त्रज्ञ ग्राइनाखर यांची. त्यांचं नाव क्वचितच घेतलं जातं, हे मला खटकतं.

पुढची खरी अडचण व्होल्ट वाढवण्यापेक्षा ते धरून ठेवण्याची होती, आणि ती उघड केली फोटोमल्टिप्लायर नळीनं, म्हणजे मंद प्रकाशाचा सिग्नल अनेक पटींनी वाढवणाऱ्या नळीनं. दहा डायनोडच्या (इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्यानं वाढवणाऱ्या पट्ट्यांच्या) नळीत सिग्नलचं गुणन व्होल्टेजच्या साधारण सातव्या घातानं बदलतं. 1500 व्होल्टमध्ये 15 व्होल्ट इकडेतिकडे झाले, तरी सिग्नल सुमारे 7 टक्क्यांनी हलतो! म्हणून फीडबॅक आला. आउटपुटचा ठरावीक अंश डिव्हायडरनं, म्हणजे रोधांच्या साखळीनं, खाली आणायचा, संदर्भ व्होल्टेजशी ताडायचा आणि फरक दिसला की लगेच भरून काढायचा. संदर्भ बदलला की आउटपुटही बदलतं. प्रोग्रामेबल, म्हणजे आज्ञेनुसार व्होल्टेज बदलणाऱ्या, सप्लायचं बीज इथंच आहे. आधी हा संदर्भ पॅनेलवरच्या दहा फेऱ्यांच्या पोटेन्शियोमीटरनं हातानं लावत. पुढे ते काम डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टरकडे, म्हणजे आकड्याचं व्होल्टेज करणाऱ्या सर्किटकडे गेलं.

दरम्यान 50 हर्ट्झऐवजी हजारो हर्ट्झवर काम करणारी सर्किट्स आली. टीव्हीच्या फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मरमागचं तत्त्वही हेच. ट्रान्सफॉर्मर लहान झाले, कपॅसिटर लहान झाले आणि त्यांत साठून राहणारी घातक ऊर्जाही घटली.

आता सप्लाय संगणकाला जोडणं उरलं होतं. ह्यूलेट-पॅकार्डनं स्वतःच्या उपकरणांसाठी बनवलेली बस, म्हणजे उपकरणं जोडणारी सामाईक तारांची वाट, 1975 मध्ये आयईईई 488 हे मानक बनली. एका बसवर 15 उपकरणं जोडता येत. 1990 मध्ये एससीपीआय ही सामाईक आज्ञाभाषा ठरली. आता व्होल्टेज किती, किती वेगानं चढवायचं, करंट कितीवर गेला की बंद पडायचं, हे सगळं संगणक सांगू लागला.

याची गरज किती मोठी आहे, ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकारानं आखलेल्या न्यूट्रिनो वेधशाळेच्या आराखड्यावरून कळतं. त्यात काचेचे सुमारे 28,800 आरपीसी (रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर, म्हणजे वायू भरलेले कण टिपणारे) डिटेक्टर होते आणि अशा प्रत्येकाला साधारण 10 किलोव्होल्ट लागतात. इतकी बटणं हातानं कोण फिरवणार? शिवाय आरपीसीच्या आतल्या वायूवर हवामानाचा परिणाम होतो. हवेचा दाब उतरला की त्याच व्होल्टेजवर डिटेक्टर जास्त व्होल्टेज दिल्यासारखा वागतो. म्हणून सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेच्या सीएमएस प्रयोगात वातावरणाचा दाब पाहून आरपीसीचे व्होल्ट आपोआप कमी-जास्त केले जातात.