कंटेनरचं नाव आत सापडतं, डेस्कटॉपवर का नाही?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीचं ऑफिस घ्या. उबुंटूच्या डेस्कटॉपवर डॉकर कंपोझने (अनेक कंटेनर एकत्र चालवणारं साधन) दोन कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅम वेगळे ठेवून चालवणारे डबे, चालतात: एकात स्टॉकचं ॲप, दुसऱ्यात पोस्टग्रेस हा डेटाबेस, सर्व्हिसचं नाव ‘डीबी’. ॲपला ‘डीबी’ बिनबोभाट सापडतो. तेच नाव डेस्कटॉपच्या टर्मिनलवर दिलं की मात्र सापडत नाही. मग कुणीतरी राउटर बंद-चालू करतं. राउटरचा इथे काडीचाही संबंध नाही.

नावं शोधून देणारे दोघे वेगळे, आणि त्यांचे पत्ते फसगत व्हावी इतके सारखे. नाव कुणाला विचारायचं हे लिहिलेल्या डेस्कटॉपच्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ फाइलीत १२७.०.०.५३ दिसतो, तो उबुंटूच्या नावं शोधणाऱ्या सेवेचा, सिस्टमडी-रिझॉल्व्हडचा. कंटेनरात शिरून तीच फाइल उघडली तर १२७.०.०.११, हा डॉकरचा स्वतःचा डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा). कंटेनरची नावं फक्त ११ ला ठाऊक; बाहेरचं नाव आलं तर तो पुढे विचारून आणतो. ५३ ला यातलं काहीच माहीत नसतं. अनगोळच्या गल्लीत ‘आप्पांचं घर’ कुठलं हे पोरगंसुद्धा दाखवेल, स्टेशनवरच्या रिक्षावाल्याला आप्पा कोण हे कसं कळावं?

हा ११ पण सगळीकडे भेटत नाही. नुसत्या ‘डॉकर रन’ने उभा केलेला कंटेनर डीफॉल्ट ब्रिजवर, म्हणजे डॉकरच्या आयत्या नेटवर्कवर, जातो आणि तिथे एकमेकांना नावाने गाठता येत नाही. वेगळं नेटवर्क करावं लागतं. कंपोझ ते आपणहून करतो.

डेस्कटॉपवरून गाठायचं तर पोर्ट पब्लिश करा, म्हणजे कंटेनरचं दार डेस्कटॉपवर उघडा, आणि लोकलहोस्ट (म्हणजे हेच मशीन, १२७.०.०.१) वापरा. (पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहा, नाहीतर डेटाबेस ऑफिसच्या सगळ्या वायफायला खुला होईल.) नावच हवं असेल तर होस्ट्स फाइलीत, म्हणजे मशीनवरच्या नाव-पत्त्यांच्या यादीत, १२७.०.०.१ समोर ‘डीबी’ टाका. कंटेनरचा १७२ ने सुरू होणारा आयपी तिथे नको: लाइट जाऊन मशीन परत उठलं की तो बदललेला असू शकतो. तपासताना डीएनएसला विचारणाऱ्या ‘डिग’ कमांडवर विसंबू नका, तो स्वतः होस्ट्स फाइल वाचत नाही; ‘गेटेंट’ ही कमांड वाचते.

एवढं करूनही ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं, तर नाव सापडलेलं आहे, डीएनएसचा पिच्छा सोडा. पोर्ट बघा. ५४३३:५४३२ (डावीकडे डेस्कटॉपचा, उजवीकडे कंटेनरचा) असं पब्लिश केलं असेल तर डेस्कटॉपवरून ५४३३ लागतो, ॲपच्या कंटेनरातून मात्र ५४३२च.