सामाजिक घरांचे ऊर्जा-नूतनीकरण (नेदरलँड्स)

कमी भाड्याच्या जुन्या घरांना इंधन कमी लागावे म्हणून दुरुस्त्या करताना, खर्चाच्या मानाने जास्तीत जास्त लाभ देणारे उपाय निवडण्याची पद्धत. नेदरलँड्समधील तीस टक्क्यांच्या जवळपास घरे ना-नफा गृहसंस्थांच्या मालकीची आहेत आणि त्यांतली बहुतेक नैसर्गिक वायूवर ऊबदार ठेवली जातात. युरोपीय संघाच्या २०१० च्या निर्देशावर आधारलेल्या पद्धतीत निवासी इमारतींचा हिशेब ३० वर्षांचा मांडतात. बांधकाम, देखभाल आणि इंधन यांची बेरीज सर्वांत कमी येईल तो पर्याय उत्तम ठरतो.

सर्वांत स्वस्त उपाय सहसा भिंतीतच असतो. १९२० नंतरच्या बऱ्याच डच घरांची बाहेरची भिंत दुहेरी विटांची असून मध्ये पोकळी असते. विटांच्या सांध्यांत छिद्रे पाडून त्यांतून खनिज लोकर किंवा प्लास्टिकचे मणी फुंकतात आणि छिद्रे पुन्हा चुन्या-सिमेंटने बुजवतात. एका घराचे काम बहुधा दिवसभरात उरकते, भाडेकरूला सामानही हलवावे लागत नाही. छप्पर व खिडक्या मात्र त्यांची मुदत संपेपर्यंत थांबून बदललेल्या बऱ्या: दुरुस्ती करायचीच असेल, तर परांचीचा खर्च बचतीच्या माथी मारावा लागत नाही.

खरी गोम कागदावरच्या बचतीत आहे. डेल्फ्ट तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये सुमारे दोन लाख डच घरांची तुलना प्रसिद्ध केली. घराला किती इंधन लागावे या अंदाजावरून दिलेल्या ऊर्जा-श्रेणींत सर्वांत वाईट, म्हणजे ‘जी’ श्रेणीच्या घरांत वायूचा प्रत्यक्ष वापर गणिती अंदाजाच्या जेमतेम निम्मा निघाला. उत्तम श्रेणीत तो अंदाजापेक्षा थोडा जास्तच होता. कारण उघड आहे. ऊब गळून जाणाऱ्या घरातला भाडेकरू एकच खोली तापवतो आणि स्वेटर घालून बसतो. जो जाळतच नाही, त्याचा वायू वाचणार कुठून? म्हणून केवळ श्रेणी पाहून काढलेली परतफेडीची मुदत फसवी ठरते. अशा घरात कामानंतर ऊब वाढते, ओल-बुरशी हटू शकते. पण हा लाभ बिलात दिसत नाही आणि हिशेबातही क्वचितच धरतात.

दुसरी अडचण, खर्च घरमालकाचा आणि बचत भाडेकरूची. ‘एनर्जीस्प्राँग’ उपक्रमाने कारखान्यात बनवलेल्या भिंती, सौर छप्पर आणि उष्णता-पंप बसवून वर्षाचे ऊर्जाबिल शून्यावर आणणारी घरे मांडली. २०१३ मध्ये चार बांधकाम कंपन्या व सहा गृहसंस्थांनी १,११,००० घरांचे उद्दिष्ट जाहीर केले. २०१६ च्या कायद्याने संस्थांना अशा घरांत भाड्याव्यतिरिक्त ऊर्जा-कामगिरीचे शुल्क घेता येऊ लागले, म्हणजे बिलाचा पैसा कर्जफेडीकडे वळला. तरीही घरामागचा खर्च अपेक्षेइतका उतरला नाही आणि उद्दिष्ट फार दूर राहिले.

दहा किंवा अधिक घरांच्या कामात ७० टक्के भाडेकरूंनी होकार दिल्यास कायदा प्रस्ताव वाजवी मानतो. २०२२ च्या राष्ट्रीय करारानुसार ‘ई’, ‘एफ’ व ‘जी’ श्रेणीची भाड्याची सामाजिक घरे २०२८ पर्यंत संपवायची आहेत. हे बंधन मात्र श्रेणीवर आहे, मीटरवर नाही.