सामाईक कोडेकची भाऊबंदकी

बऱ्याच वर्षांपूर्वी एका संध्याकाळी माझ्या कॉम्प्युटरवरचे जुने व्हिडिओ एकाएकी उलटे दिसू लागले. माणसं छताला पाय लावून चालत होती, आवाज मात्र ठणठणीत. त्या फाइलींना मी हातही लावला नव्हता. दुपारी एक नवी फाइल चालेना म्हणून कुठलासा ‘कोडेक पॅक’ टाकला होता, एवढंच.

व्हिडिओ आहे तसा साठवणं परवडत नाही. १९२० बाय १०८० ठिपक्यांचं एक चित्र, ठिपक्यामागे ३ बाइट धरले, तर ६२ लाख बाइट खातं. सेकंदाला २५ चित्रं म्हटली की तासाभराचे साडेपाचशे जीबी होतात. म्हणून ते आवळून ठेवायचं आणि बघताना उलगडायचं. हे दोन्ही करतो तो कोडेक. एमपी४, एमकेव्ही ही नुसती डब्यांची नावं. आत कोणत्या पद्धतीने आवळलंय ते डबा बघून कळत नाही.

१९९२ साली मायक्रोसॉफ्टने ‘व्हिडिओ फॉर विंडोज’ आणलं, त्यात कोडेक कुठल्या एका प्लेअरचा नव्हता, साऱ्या विंडोजचा होता. एव्हीआय हाही असाच एक डबा. तशी फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे आतले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडा, सुरुवातीलाच कोडेक सांगणारी ‘एक्स-व्ही-आय-डी’सारखी चार अक्षरं सापडतील. प्लेअर ती वाचून विंडोजला विचारायचा, हे कोणाला येतं? विंडोज नोंदवहीत बघून कोडेक हजर करायची. एकदा टाकलेला कोडेक प्लेअरलाही चालायचा आणि एडिटिंगच्या प्रोग्रॅमलाही. कल्पना झकास होती.

पण हे काम येणारे दोघेतिघे निघाले तर? पुढे आलेल्या डायरेक्टशो या मायक्रोसॉफ्टच्याच व्यवस्थेत प्रत्येक फिल्टरला, म्हणजे उलगडण्यासारखं एखादं काम करणाऱ्या तुकड्याला, ‘मेरिट’ नावाचा आकडा असे. ज्याचा आकडा मोठा, त्याला आधी बोलावणं. गंमत अशी, की हा आकडा फिल्टर लिहिणाऱ्यानेच ठरवायचा. स्वतःची गुणपत्रिका स्वतःच भरायची म्हटल्यावर कमी गुण कोण लावून घेईल? कोडेक पॅकमधून डझनभर फिल्टर यायचे आणि जुन्यांना बाजूला सारून पुढे बसायचे.

माझ्याकडे बहुधा तेच झालं असावं. विंडोजच्या साध्या बिटमॅपमध्ये चित्राच्या ओळी खालून वर लिहायची रीत आहे, बऱ्याच ठिकाणी मात्र त्या वरून खाली लिहितात. उलगडणारा एका रीतीचा आणि दाखवणारा दुसऱ्या रीतीचा, असं झालं की माणसं छतावर जातात. त्यात ६४-बिटच्या प्लेअरला ३२-बिटचा कोडेक थेट लोड करता येत नाही. म्हणजे कोडेक आहे, नोंदही आहे, तरी प्लेअर म्हणतो ‘सापडत नाही’.

व्हीएलसी या प्लेअरने ही भाऊबंदकीच टाळली. तो विंडोजमधले कोडेक मागत नाही, आपले सोबत बाळगतो. त्यातले बरेचसे एफएफएमपेग या प्रकल्पाच्या ‘लिबएव्हीकोडेक’ नावाच्या लायब्ररीतले, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या तयार कोडच्या संचातले. एफएफएमपेग फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केला. माझा ओढा या वेगळ्या चुलीकडेच आहे, पण तिचाही खर्च असतो. त्याच लायब्ररीच्या प्रती पाच प्रोग्रॅममध्ये असल्या आणि तिच्यात सुरक्षेचं भोक सापडलं, तर पाचही बुजवावे लागतात. लिनक्सवर बरेच प्रोग्रॅम एकच सामाईक प्रत वापरतात, तिथे एकदा अपडेट केलं की भागतं.

आणि वेगळी चूल मांडूनही एक गोष्ट सामाईक उरतेच. आता उलगडण्याचं जड काम ग्राफिक्स चिपमधला खास भाग करतो. तिथपर्यंतची वाट विंडोजवर डीएक्सव्हीए, लिनक्सवर व्हीए-एपीआय, मॅकवर व्हिडिओटूलबॉक्स. व्हीएलसीलाही तिथे मागावंच लागतं. मात्र या चिपला बनताना जे शिकवलं तेवढंच येतं, वरून कुठलाही पॅक टाकता येत नाही. २०१८ साली आलेल्या एव्ही१ पद्धतीची मोठी फाइल त्याआधीच्या लॅपटॉपवर लावून बघा. चित्र सुलट दिसेल, पण सगळा भार प्रोसेसरवर पडेल आणि दोन मिनिटांत पंखा घरघरू लागेल.