ड्रम कोर आणि मार्चिंग बँड: फरक नेमका कुठे?

अमेरिकेत फुटबॉलच्या मैदानावर गणवेशातली शंभर-दीडशे मुलं वाजवत वाजवत आकृत्या करताना दिसली, की आपण त्याला सरसकट मार्चिंग बँड म्हणून मोकळे होतो. त्यातले काही ड्रम कोर असतात, आणि माझ्या मते या कलेतलं सर्वांत धाडसी काम त्यांनीच केलंय.

ओळखण्याची नेहमीची खूण अशी: बँडमध्ये क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बासरी असतात, कोरमध्ये फक्त पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि झेंडे-रायफली फिरवणारं कलर गार्ड. पण तेवढ्यावर विसंबू नका. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या बँडमध्येही नुसती पितळी वाद्यं नि ड्रमच आहेत, तरी तो पक्का मार्चिंग बँड. त्यांचं ‘स्क्रिप्ट ओहायो’ १९३६ पासून चालू आहे. वादक एकामागोमाग चालत मैदानावर वळणदार अक्षरांत राज्याचं नाव लिहितात आणि शेवटी एक सूझाफोनवाला (अंगाभोवती गुंडाळून वाजवायचं भलंमोठं पितळी वाद्य) ऐटीत जाऊन ‘आय’वरचा टिंब होतो. लोकांना ते दरवेळी जसंच्या तसंच हवं असतं.

खरा फरक कशासाठी वाजवायचं, यात आहे. बँड शाळेचा किंवा कॉलेजचा. आपल्या संघाच्या सामन्याला रंग भरणं हे त्याचं जुनं काम. कोर ही स्वतंत्र संस्था असते, बावीस वर्षांखालच्या मुलामुलींची. उन्हाळाभर बसनं गावोगाव जायचं, शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपायचं आणि साधारण बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम ऑगस्टमधल्या अंतिम फेरीपर्यंत घासूनपुसून लख्ख करायचा. ‘ड्रम कॉर्प्स इंटरनॅशनल’ची ही स्पर्धा १९७२ मध्ये सुरू झाली.

एकाच गोष्टीमागे इतकं लागल्यावर प्रयोग होणारच. पूर्वी मैदानाच्या मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारख्या सारख्या आकृत्या असत. न्यू जर्सीच्या गारफिल्ड कॅडेट्सनी जॉर्ज झिंगालीच्या आखणीवर ती चौकट मोडली: वाकड्या, वाहत्या आकृत्या, आणि वेग असा की नजर कुठे ठेवावी कळत नाही. १९८३, ८४, ८५ अशी सलग तीन अजिंक्यपदं त्यांनी मिळवली. तोवर हे कुणालाच जमलं नव्हतं.

मला मात्र सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो स्टार ऑफ इंडियाना या कोरचा १९९३ चा प्रयोग. बार्टोक आणि सॅम्युअल बार्बर यांचं कर्कश, अस्वस्थ करणारं संगीत, ग्रीक पुराणकथेतल्या सूडानं पेटलेल्या ‘मेडिया’ची काळी छाया, आणि वादकांच्या शरीराची हालचाल हाच नाट्याचा भाग. टाळ्यांसाठी मुद्दाम ठेवलेल्या जागा जवळपास नाहीतच. प्रेक्षक दुभंगले, काहींनी उघड नापसंती दाखवली. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात झालेल्या अंतिम फेरीत स्टारला ९७.३ गुण मिळाले, कॅडेट्सना ९७.४. ०.१ गुणानं अजिंक्यपद गेलं. त्यानंतर स्टारनं स्पर्धाच सोडली. पुढे तिथूनच ‘ब्लास्ट!’ हा रंगमंचीय प्रयोग उभा राहिला आणि २००१ मध्ये त्याला टोनी पुरस्कार मिळाला.

आज स्पर्धांत उतरणारे अमेरिकी शाळांचे बँडही कोरकडूनच आकृत्या, नृत्य, कथानक उचलतात, म्हणून गोंधळ वाढतो. पहिल्यांदाच पाहणार असाल तर स्टारचं १९९१ चं सादरीकरण आधी बघा. रेस्पिगीचं भरजरी संगीत, अजिंक्यपद मिळवून देणारं, लगेच आवडणारं. मग १९९३ चं लावा, आणि पहिल्या दोन मिनिटांत बंद करू नका.