घुमता आवाज की खरा आवाज?

कॅसेटच्या काळात विदर्भातल्या खेड्यांत बास वाढवायचा एक बिनखर्चाचा उपाय होता. सुटा स्पीकर, चुंबकाची बाजू आत करून, रिकाम्या माठाच्या तोंडावर ठेवायचा. ‘घुमला पायजे’ ही कसोटी, आणि माठात तो घुमायचाच.

उघड्या स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो, त्याच वेळी मागची हवा ओढतो. खर्जाच्या लांब लाटा कडेने वळून एकमेकींना खोडतात, म्हणून आवाज पोकळ येतो. माठ मागची लाट कोंडून ठेवतो. इथपर्यंत ती दुरुस्तीच आहे. पण कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि खर्जाचा एकच पट्टा फुगवते. मग ढोलकी असो, डग्गा असो की बास गिटार, सगळ्यांचा एकच ‘धम’. हा पुढचा भाग म्हणजे यंत्राने स्वतःचा चढवलेला रंग.

घरातल्या यंत्राने मूळ आवाज द्यावा की गोड आवाज, हा वाद जुना आहे. एडिसनच्या कंपनीने 1915 पासून रंगमंचावर गायक आणि तबकडी आळीपाळीने ऐकवून, श्रोत्यांना फरक कळत नाही असा दावा केला. 1947 मध्ये ब्रिटनचे अभियंते विल्यमसन यांनी व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) ॲम्प्लिफायरची विकृती, म्हणजे यंत्राने आवाजात केलेली भेसळ, 0.1 टक्क्याच्या आसपास आणली आणि अचूकतेचं माप उंचावलं. तरीही 1970 च्या दशकापासून फ्रान्स-जपानमधले शौकीन जुन्या, साध्या रचनेच्या एकेरी ट्रायोड व्हॉल्व्हकडे वळले. त्याची विकृती जास्त, पण ती मुख्यतः मूळ सुराच्या वरच्या सप्तकातला तोच सूर मिसळते. म्हणून कानाला खटकत नाही, भरदार वाटते.

आपल्याकडे घुमत्या आवाजाची ही आवड माध्यमांनी घडवली, असं माझं मत आहे. नागपूर आकाशवाणी 1948 ची. मध्यम लहरींवर दोन केंद्रांत जेमतेम 9-10 किलोहर्ट्झचं अंतर, त्यामुळे रेडिओतून साधारण 5 किलोहर्ट्झच्या वरचं, म्हणजे आवाजाचं अगदी बारीक टोक, फारसं येत नसे. लाकडी पेटीतला व्हॉल्व्हचा रेडिओ त्यात आपला गोलावा भरी. खंजिरी भजनात थाप कळायची, चकत्यांची छनछन मात्र बोथट व्हायची. लग्नातला भोंगा याच्या अगदी उलट: बोलणं शेतापर्यंत पोचवणारा, पण खर्ज जवळजवळ नाहीच. पुढे 4440 या ॲम्प्लिफायरच्या आयसीचे जुळवलेले डेक आले, त्यांच्यासोबत आवाजाचा एकेक पट्टा कमीजास्त करणारा इक्वलायझर, आणि खर्ज व बारीक आवाज ही दोन्ही टोकं वर करून मधला पट्टा खाली ओढायची सवय लागली. गाणाऱ्याचा गळा असतो त्या मधल्या पट्ट्यातच. तो दबलेला ऐकून मला आजही वाईट वाटतं.

बास वाढवण्याला एक रास्त कारणही आहे. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी 1933 मध्ये दाखवलं की आवाज लहान केला की कानाला खर्ज फारच कमी ऐकू येतो. रात्री हळू आवाजात ऐकणाऱ्याने बास थोडा वाढवला तर तो मूळाच्या जवळच जातो. त्यासाठी ब्रिटिश अभियंते बॅक्सन्डॉल यांचं 1952 चं बास-ट्रेबलचं सर्किट पुरेसं आहे. नको तेव्हा बटण मधे आणता येतं. माठाचा रंग काढता येत नाही.

1980 च्या दशकात कॅनडात ध्वनी-संशोधक फ्लॉइड टूल यांनी स्पीकर पडद्याआड ठेवून लोकांना ऐकवले. बहुतेकांनी निवडले ते सपाट, सरळ प्रतिसादाचे, म्हणजे कुठलाच पट्टा न फुगवणारे. म्हणजे नाव आणि रूप झाकलं की अचूक आवाजच गोड लागतो. टूल यांनी एक अडचणही मांडली: रेकॉर्डिंग करणाऱ्याचाच स्पीकर रंगीत असेल, तर तो रंग गाण्यात उतरतो आणि घरात तो ओळखता येत नाही.

खेड्यातल्या ऐकणाऱ्याकडे मात्र मूळ आवाजाचं माप आहे. देवळातलं भजनी मंडळ माईकशिवाय म्हणतं, पेटी आणि खंजिरी हाताच्या अंतरावर असतात. म्हणून नवा ब्लूटूथ स्पीकर घेताना बास बूस्ट बंद करावा, ओळखीचं भजन लावावं आणि कातड्याची थाप व चकत्यांची छनछन वेगवेगळी येते का, ते ऐकावं.