वर्गातला विकी आणि ‘संदर्भ ग्राह्य नाही’ची गोष्ट

प्रकल्पवहीच्या सूचनांत एक ओळ ठरलेली असते : ‘विकिपीडियाचा संदर्भ ग्राह्य धरला जाणार नाही.’ मराठवाड्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयांपासून बी.एड.च्या वर्गांपर्यंत ती इतक्यांदा वाचली, की ती कुणी आणि कशावरून घातली हे विचारायचंच राहून गेलं. गंमत म्हणजे जानेवारी उजाडला की त्याच संस्थांमध्ये भाषा संवर्धन पंधरवड्यात विकिपीडियावर लिहायची कार्यशाळा भरते. म्हणजे लेकरांनी तिथे लिहावं, पण तिथलं वाचलेलं सांगू नये. हा घोळ कुठून आला, त्याची ही पार्श्वभूमी.

विकी तीसेक वर्षांचा आहे. मार्च १९९५ मध्ये एका अमेरिकी प्रोग्रामरने वाचणाऱ्यालाच दुरुस्त करता येईल असं संकेतस्थळ उघडलं आणि होनोलुलू विमानतळावरच्या ‘विकी विकी’ बसवरून त्याला नाव दिलं. हवाईच्या भाषेत विकी म्हणजे झटपट. विकिपीडिया आला जानेवारी २००१ मध्ये, मराठीतला १ मे २००३ रोजी. आपल्याकडे दोन्हींना सरसकट ‘विकी’च म्हणतात. त्यामुळे शाळेच्या आतल्या आत चालणारा वर्गाचा विकी म्हटलं, तरी मुख्याध्यापकांच्या डोळ्यांपुढे जगाला उघडं असलेलं पानच येतं. वर्गाच्या विकीला मिळणारे अर्धे नकार इथेच येतात.

अनेक हातांतून मजकूर फिरला की त्यात भर पडते, ही अडचण पैठणला फार आधी भेटली होती. नकला होता होता ज्ञानेश्वरीत पाठभेद शिरले, म्हणून नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ च्या सुमारास, पाठ शुद्ध करून घेतला आणि पुढच्यांना बजावलं, की यात कुणी आपली ओवी घातली तर ते अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवल्यासारखं होईल. विकीच्या भाषेत, पान ‘सुरक्षित’ करून टाकलं, म्हणजे फेरफार बंद. कोणती ओवी कुणी, कधी घुसडली याची नोंद मात्र पोथीत राहत नाही. विकी ती ठेवतो. प्रत्येक पानावर ‘इतिहास पहा’ असतं, आणि माझ्या मते वर्गासाठी विकीत घेण्यासारखं सगळ्यांत मोठं तेच आहे.

आता त्या ओळीकडे. २००५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर एका ज्येष्ठ अमेरिकी पत्रकाराच्या चरित्रात कुणीतरी खोडसाळपणे लिहिलं, की केनेडी हत्येच्या प्रकरणात यांच्यावर संशय होता. चार महिने ते तसंच राहिलं. बोभाटा झाल्यावर खातं नसलेल्यांना नवीन लेख सुरू करण्याची मुभा बंद झाली. त्याच वर्षी डिसेंबरात एका विज्ञान साप्ताहिकाने तज्ज्ञांकडून विज्ञानाचे ४२ लेख तपासून घेतले : विकिपीडियात लेखामागे सरासरी चार चुका, ब्रिटानिकात तीन. ब्रिटानिकाने त्यावर जोरदार हरकत घेतली. आपल्याकडे बोभाटा तेवढा पोहोचला, तपासणी पोहोचली नाही.

मग २००७. व्हरमाँट राज्यातल्या एका महाविद्यालयात जपानच्या इतिहासाच्या परीक्षेत पाचसहा विद्यार्थ्यांनी एकच चूक केली : सतराव्या शतकातल्या शिमाबाराच्या उठावाला जेझुइट पाद्र्यांचा पाठिंबा होता. सगळ्यांचा झरा एकच निघाला : विकिपीडिया. इतिहास विभागाने ठराव केला, की विकिपीडिया संदर्भ म्हणून देता येणार नाही. वर्तमानपत्रांनी बातमी ‘विकिपीडियावर बंदी’ अशी केली आणि जगभर ती तशीच फिरली. ठरावात वाचायला बंदी नव्हती. तिथून सुरुवात करा, खालचे संदर्भ उघडा, त्या पुस्तकापर्यंत जा आणि त्या पुस्तकाचं नाव द्या, असा त्याचा रोख होता. शिवाय हा नियम कोणत्याही ज्ञानकोशाला लागू पडतो. पदवीच्या वर्गात वाईच्या विश्वकोशावर तरी कोण थांबतं? आपल्या सूचनांमध्ये ठरावाचं पहिलं वाक्य उतरलं, दुसरं गाळलं गेलं. आणि उतरलं तेही अशा काळात, जेव्हा इथल्या बहुतेक खेड्यांत तासन् तास भारनियमन होतं आणि शाळेचा कॉम्प्युटर प्लास्टिकच्या झाकणाखाली होता. रोग यायच्या आधी पथ्य आलं.

यात शब्दानेही दगा दिला. आपण विचारतो, ‘विकिपीडिया विश्वासार्ह आहे का?’ मराठीत विश्वास माणसावर असतो. दुकानदार विश्वासाचा असतो, डॉक्टर विश्वासाचा असतो. पानावर विश्वास ठेवायचा म्हणजे ते लिहिणाऱ्यावर ठेवायचा, आणि तिथे तर लिहिणारा दिसत नाही. मग उत्तर ‘नाही’च येणार. विकिपीडियाचा स्वतःचा आग्रह वेगळाच आहे : मजकूर पडताळता आला पाहिजे. आधार नसेल तिथे ‘संदर्भ हवा’ असा शिक्का बसतो. विश्वासार्ह आणि पडताळण्याजोगं या दोन शब्दांत एका अख्ख्या अध्यापनपद्धतीचं अंतर आहे. पहिल्यात लेकराला हो किंवा नाही एवढंच सांगायचं असतं, दुसऱ्यात त्याला उठून कपाटापर्यंत जावं लागतं. ‘संपादक’ या शब्दाचंही तेच. बटणावर ‘संपादन’ दिसलं की नववीतला मुलगा हात मागे घेतो, कारण त्याच्या लेखी संपादक म्हणजे पेपरात अग्रलेख लिहिणारे साहेब.

२०११ मध्ये पुण्यातल्या काही महाविद्यालयांत विकिपीडियावर लिहिण्यालाच गृहपाठ करायचा प्रयोग झाला. लिहायचं इंग्रजीत होतं आणि गुण लागलेले होते. व्हायचं तेच झालं : पुस्तकांतले, संकेतस्थळांवरचे उतारे जसेच्या तसे चिकटवले गेले आणि प्रताधिकाराचा भंग काढता काढता जगभरच्या स्वयंसेवकांचा पिट्ट्या पडला. वर्ष सरायच्या आत प्रयोग गुंडाळला. दोष विद्यार्थ्यांवर ढकलणं सोपं आहे. गाइडमधलं उत्तर तंतोतंत उतरवण्याला आपण दहा वर्षं गुण देतो आणि अकराव्या वर्षी त्यालाच चोरी म्हणतो.

यानंतरच्या मराठी कार्यशाळांनी दोन गोष्टी शहाणपणाने केल्या : भाषा मराठी ठेवली आणि सुरुवात धूळपाटीवर केली. सरावाच्या पानाला मराठी विकिपीडियाने दिलेलं हे नाव मला फार आवडतं. पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षर गिरवायचं, चुकलं की हात फिरवायचा. अडचणी मात्र धुळीइतक्या हलक्या नव्हत्या. एका इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहाच खाती उघडता येतात. चाळीस पोरं लॅबमध्ये बसवली, सातव्याला खातं मिळेना आणि सर खिशातले मोबाइल काढून हॉटस्पॉट वाटत फिरतायत, हे मी दोन ठिकाणी पाहिलंय. आधी खाती उघडून या, असं सांगायला हवं होतं. बाहेरच्या फुकट सेवांवर वर्गाची पानं करावीत तर शिक्षकांच्या आवडीची त्यातली एक मोठी सेवा २०१८ मध्ये बंदच झाली.

म्हणून परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेने लॅबमधल्या एका कॉम्प्युटरवर स्वतःपुरता विकी बसवला. विषय गावातली बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर. पहिल्या मुलाने लिहिलं, ‘ही बारव हेमाडपंती आहे.’ (हेमाडपंती म्हणजे चुन्याविना दगड रचायची जुनी पद्धत; मराठवाड्यात दगडावर जुना दगड दिसला की तो हेमाडपंती.) एका मुलीने ते वाक्य काढलं आणि चर्चा पानावर एवढंच लिहिलं : ‘कशावरून?’ तिसऱ्याने आजोबांना विचारून पांडवांनी एका रात्रीत बांधल्याचं घातलं. चौथ्याने तेही उडवलं. आठवडाभर पान खालीवर होत राहिलं आणि शेवटी त्यावर असं उरलं : ‘बारव कधी बांधली ते गावात कुणाला माहीत नाही. ती पांडवांनी बांधली असे सांगतात. दगडांमध्ये चुना दिसत नाही.’

गुण देताना सर अडले. पानाच्या इतिहासात प्रत्येकाच्या नावापुढे त्याने वाढवलेले किंवा घटवलेले बाइट, म्हणजे मजकुराचं माप, दिसतं; देवनागरीतलं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, त्यामुळे नुसतं ‘बारव’ लिहिलं तरी १२ जमा. चिकटवणाऱ्याचे हजारांत होते, त्या मुलीचे उणे. सरांनी सगळ्यांत जास्त गुण तिलाच दिले. पालकसभेत त्यावरून वाद झाला, तेव्हा त्यांनी पडद्यावर इतिहासाचं पान लावून दाखवलं.

यंदाच्या सूचनांत त्या जुन्या ओळीला शेपूट आलंय : ‘विकिपीडिया व एआय यांचा संदर्भ ग्राह्य नाही.’ एकाच्या पानामागे प्रत्येक फेरफाराची तारीख आहे, दुसऱ्याच्या उत्तरामागे कुणाचंच नाव नाही, तरी दोघे एका ‘व’ने बांधले गेलेत.

त्या शाळेत उन्हाळ्यात जाऊन आलो. विकी होता त्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क गेली. बारवेच्या पानाची प्रिंट फलकावर अजून आहे, कडा पिवळ्या पडल्यात. इतिहासाच्या पानाची प्रिंट कुणी काढून ठेवली नव्हती.