माती टाकली? आता तीन आठवडे काही लावू नका

आम्ही बागेसाठी माती, खत आणि लॉन पुरवतो. दर वर्षी जुलैचा दुसरा आठवडा उजाडला की आमचा फोन सुरू होतो. "तुमच्या मातीतून गवत आलंय." पाठोपाठ फोटो येतो. मेक्सिकन लॉनमधून लव्हाळा ताठ उभा, कडेला आंबुशी, कोपऱ्यात केना. लॉन लावून महिना झालेला असतो आणि माती टाकून महिना आणि दोन दिवस. ते दोन दिवस तीन आठवडे असते, तर हा फोन आला नसता. एकेकाला फोनवर समजावण्यापेक्षा छापून द्यावं, म्हणून हे पत्रक.

आधी आरोपाचं बोलू. मातीतून तण येतं का? येतं. आमच्या येतं, दुसऱ्यांच्या येतं, तुमच्या बंगल्याच्या मूळ जमिनीतूनही येतं. मातीच्या वरच्या चार-सहा इंचांत तणाचं बी पडूनच असतं, आणि त्यातलं काही अनेक वर्षं जिवंत राहतं. खाली अंधारात ते झोपलेलं असतं. जेसीबीने माती उचलली, ट्रकमध्ये उलटली, तुमच्या अंगणात पसरली की खालचं बी वर येतं. त्याला उजेड मिळतो, वरून तुम्ही रोज पाणी घालता. ते उगवेल नाहीतर काय करेल? "बिनतणाची माती" म्हणून कोणी विकत असेल, तर त्यांच्याकडून ती जरूर घ्या आणि महिन्याने आम्हालाही सांगा.

शेणखताचं मात्र आमच्या हातात आहे, आणि ते आम्ही सांभाळतो. जनावराने खाल्लेल्या गवताचं बी त्याच्या पोटातून बऱ्याचदा शाबूत बाहेर पडतं. खत ढिगात नीट तापलं, मध्ये दोन-तीनदा उलथलं गेलं, तर त्या उष्णतेने ते मरतं. कच्च्या खतात ते तसंच राहतं. म्हणून आमचं खत सहा महिन्यांच्या आत विक्रीला येत नाही आणि चाळल्याशिवाय गोणीत भरत नाही. शेजारच्या गोठ्यातून स्वस्तात मिळतं हे आम्हाला माहीत आहे. तिथून घ्यायचं असेल तर आधी एक परीक्षा करा: घमेलंभर खत घ्या, ओलं ठेवा, दहा दिवस उन्हात राहू द्या. काय उगवतं ते बघा, मग ट्रॉली मागवा. हीच परीक्षा आमच्या खतालाही लावा, आमची हरकत नाही.

आता मुद्दा तीन आठवड्यांचा. ही काही आमची शोधून काढलेली युक्ती नाही. पेरणीआधी तण उगवून घ्यायचं आणि कुळवाची पाळी घालून ते मोडायचं, हे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. आपल्याला तेच अंगणात, कुळवाऐवजी खुरप्याने करायचं आहे.

माती पसरली, सपाट केली, की लगेच काही लावू नका. रोज हलकं पाणी शिंपडा, वरचा इंचभर थर ओलसर राहील एवढंच. आठ-दहा दिवसांत सगळीकडे हिरवी लव दिसायला लागते. इथे बहुतेक लोक घाबरतात. घाबरू नका, तेच तर हवं आहे. रोपं दोन-तीन पानांची झाली की ऊन पडलेल्या सकाळी खुरपं आडवं धरून वरवर खरवडा. संध्याकाळपर्यंत सगळं वाळून जातं. पुन्हा पाणी सुरू करा. दुसरा फुटवा बराच विरळ येतो. तोही तसाच खरवडा आणि मग लॉन किंवा रोपं लावा. उन्हाळा-पावसाळ्यात हे सगळं तीन आठवड्यांत होतं. थंडीत बी सावकाश उगवतं, तेव्हा पाच आठवडे धरा.

आणि इथेच ती चूक होते, जिच्यासाठी हे पत्रक छापलं आहे. तिसऱ्या आठवड्यात माळीबुवा येतात. त्यांना वाटतं, नुसतं खरवडणं म्हणजे कामचुकारपणा. मालकांनाही वाटतं की पैसे देतोय तर दणकून काम व्हावं. मग कुदळ घेऊन वीतभर खोल खणतात, ढेकळं फोडतात, पुन्हा सपाट करतात. बघायला छान दिसतं! पण तीन आठवडे राबून ज्या वरच्या इंचातलं बी संपवलं होतं, तो थर गेला खाली. आणि खालचं ताजं बी आलं वर. तुम्ही पुन्हा पहिल्या दिवसावर आलात, फक्त आता वर महागाचं लॉन आहे. खणायचं, खत मिसळायचं, उतार काढायचा, ड्रिपची नळी पुरायची, ते सगळं पहिल्या दिवशी उरकून घ्या. त्यानंतर खुरपं एक इंचाच्या खाली जाता कामा नये. माळीबुवांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

पावसाळ्यात एक पथ्य जास्त पाळायचं. ऊन नसलं की खरवडलेलं तण तिथेच पडून पुन्हा मूळ धरतं. केना आणि घोळ तर त्यात पटाईत, तुकडा पडला तरी जगतो. म्हणून खरवडलेलं घमेल्यात गोळा करून बाहेर काढा. (घोळ कोवळी असेल तर स्वयंपाकघरात न्या. मुगाची डाळ आणि लसूण घालून केलेली घोळीची भाजी लॉनपेक्षा चांगली लागते, असं आमच्या घरात मत आहे.)

"पण वास्तुशांत पंधरा तारखेला आहे हो!" हे वाक्य आम्ही वर्षातून वीस-पंचवीस वेळा तरी ऐकतो. म्हणूनच आम्ही माती टाकून दुसऱ्या दिवशी लॉन लावून देत नाही. यामुळे काही गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, त्याचं वाईट वाटतं. त्यातली काही पुढच्या वर्षी लॉन उपटून नवीन लावायला आमच्याकडेच आली, त्याचंही वाईटच वाटतं, कारण एका अंगणाचे पैसे त्यांनी दोनदा मोजले. समारंभ जवळ असेल तर अंगण कुंड्यांनी सजवा. अरेका पाम, क्रोटन, झेंडू अशा भरलेल्या कुंड्या आम्ही भाड्याने देतो, नेणं-आणणं आमच्याकडे. पाहुणे मातीकडे बघत नाहीत, जेवणाकडे बघतात.

तीन आठवड्यांनी पाहणीला आम्ही परत येतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

लव्हाळ्याची गोष्ट वेगळी. वरच्या उपायाने बियांचं तण जातं, लव्हाळा जात नाही. तो आधी ओळखा: दांडी चिमटीत धरून फिरवा, तीन कडा लागल्या तर लव्हाळा. लॉन कापल्यावर दोनच दिवसांत जो बाकीच्यांच्या वर मान काढतो, तो हाच. जमिनीखाली त्याच्या काळ्या-तपकिरी गाठी असतात, एकीला एक धाग्याने जोडलेल्या, माळेसारख्या. दिवाळीच्या उटण्यातला सुगंधी नागरमोथा याच घराण्यातला, त्यामुळे गाठीला वास छान येतो. तेवढंच त्याचं कौतुक.

पान ओढलंत तर हातात पान येतं, गाठ खालीच राहते. त्याहून वाईट म्हणजे रोटाव्हेटर फिरवणं. माळ अखंड असते तोवर एखाद-दुसरी गाठ फुटते आणि बाकीच्या गप्प असतात. माळ तुटली की प्रत्येक तुकडा स्वतंत्र संसार मांडतो. मग दहाची शंभर रोपं होतात. काळं प्लास्टिक अंथरलंत तर कोंब सुईसारखा त्यालाही भोक पाडून वर येतो.

करायचं काय? पाऊस किंवा पाणी दिल्यानंतर वाफसा आला, म्हणजे माती ओली आहे पण खुरप्याला चिकटत नाही, तेव्हा खुरपं खोल आणि तिरकं घालून गाठीसकट उचला. दर पंधरा दिवसांनी, न चुकता. नव्या रोपाने नव्या गाठी धरायच्या आत त्याला काढलं तर जुन्या गाठीतला साठा संपत जातो. हे एका फेरीचं काम नाही, एक-दोन हंगाम जातात. ज्यांना वेळ आहे त्यांनी एप्रिल-मे मध्ये ती जागा खणून गाठी कडक उन्हात उघड्या पाडाव्यात, बऱ्याचशा वाळून मरतात. (खोल खणायला हरकत नाही अशी ही एकच जागा, त्यानंतर तीन आठवड्यांचा हिशोब नव्याने धरा.) लव्हाळ्याला सावली अजिबात सोसत नाही, म्हणून मोकळ्या प्लॉटवर जूनमध्ये दाट ताग पेरून फुलोऱ्याच्या आधी मातीत गाडला तर जमीनही सुधारते. तागाचं बी आमच्याकडे जूनअखेरपर्यंत मिळतं.

मीठ आणि व्हिनेगरबद्दल सगळे विचारतात. एका ताईंनी पेव्हर ब्लॉकच्या फटींसाठी आणलेलं मीठ उरलं म्हणून कुंपणाच्या कडेलाही टाकलं. तण मेलं, पुढे जास्वंदही गेली, आणि गवत पुन्हा आलं. मीठ मातीत राहतं, पाण्याबरोबर सरकतं, तण कुठलं आणि झाड कुठलं हे त्याला कळत नाही. स्वयंपाकातलं व्हिनेगर कोवळी पानं जाळतं, मुळाला काही करत नाही. फटींसाठी उकळतं पाणी पुरतं, पण ते झाडांच्या मुळांपासून लांब.

पांढऱ्या खड्यांखाली वीड मॅट (तण अडवायला अंथरायचं कापड) घालायची हौस असेल तर घाला, आम्ही विकतोही. पण दोन पावसाळ्यांत खड्यांवर धूळ आणि पालापाचोळा साठतो आणि तण मॅटच्या वर उगवतं. साधं जाड प्लास्टिक तर नकोच, त्याच्याखाली पाणी मुरत नाही आणि जवळच्या झाडांची मुळं गुदमरतात.

झाडांच्या आळ्यांत आच्छादन हा सगळ्यात बिनकष्टाचा उपाय. तीन इंच जाड उसाचं पाचट, वाळका पाला किंवा काथ्या. एक इंचाने काही होत नाही. खोडापासून चार बोटं मोकळी सोडा, नाहीतर ओल धरून बुंधा कुजतो आणि वाळवीचंही फावतं. पाचट आमच्याकडे गोणीने मिळतं. पण तुमच्या सोसायटीत रोज पाला जाळत असतील, तर आधी तो मागून आणा, फुकट आहे आणि धूरही वाचेल. हिशोबासाठी: एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, तेवढ्यात 400 चौरस फूट जागा तीन इंच भरते. मातीलाही हाच हिशोब लावा, म्हणजे अर्धा ट्रक उरणार नाही.

शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत असेल तर तुमचे कष्ट अर्धे वाया. 1955 मध्ये पुण्यात पहिल्यांदा नजरेला आलेलं हे गवत आज देशभर आहे, आणि एका झाडाला हजारो बिया धरतात. फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटा. अनेकांना त्याने खाज आणि सर्दी होते. फुललेलं झाड कंपोस्टमध्ये टाकू नका. पानं चाळणीसारखी खाल्लेली आणि त्यावर फिकट पाठीवर काळ्या रेघांचे छोटे भुंगे दिसले, तर त्यांच्यावर फवारणी करू नका. ते मेक्सिकन भुंगे याच कामासाठी भारतात आणून 1984 मध्ये सोडले गेले. ते मुख्यतः गाजरगवत खातात, तुमच्या गुलाबाला त्यांचा त्रास नाही.

तण ओळखून हवं असेल तर फोटो पाठवा, पण मुळासकट उपटून, कागदावर ठेवून. नुसत्या पानाच्या फोटोवरून आम्हीही चुकतो. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, बुधवारी सुट्टी.